जयसिंगच्या नावेची मागची फळी

आप्पा, तुम्ही गेलात त्याला आज पंधरा दिवस झाले. गंधमुक्ती झाली, पाहुणे आपापल्या गावी गेले, अंगणातला मांडव सुटला, आणि एवढ्या दिवसांत घरात कुणी धाय मोकलून रडलं नाही. मायने चार-दोनदा डोळ्यांना पदर लावला, तेवढंच. सुनंदाताई नवापूरहून आली, पायावर पाणीही न घेता मायला विचारती झाली, "शेवटला लई तरास दिधा का त्यास्नी?" तुम्हाला त्रास झाला का, हे विचारायचं तुमच्या सख्ख्या लेकीच्या डोक्यात आलं नाही. मीही तिला टोकलं नाही, कारण माझ्याही डोक्यात तोच प्रश्न आधी आला असता.

तुमच्या तोंडावर हे बोलायची माझी छाती नव्हती. आता बोलतो, कारण आता तुम्ही मधलं बोट वाकवून माझ्या कपाळावर वाजवणार नाही.

ते बोट मी आयुष्यभर विसरणार नाही. उकई धरणाचं फुगलेलं पाणी आपल्या शिवारापर्यंत आलं तेव्हापासून या काठावरची प्रत्येक नाव त्या बोटाखालून गेली. नाव पालथी घातली की तुम्ही एकेक फळी ठोकत जायचे, कान तिरका करून ऐकायचे आणि निकाल द्यायचे. "जित्ती शे," नाहीतर "मरेल शे." तिसरा शब्द तुमच्याकडे नव्हता. "थोडी खराब आहे", "एवढा हंगाम निघेल", असलं काही तुम्ही कधी बोलला नाहीत. मेलेली म्हणालात की मालकाने कितीही हातापाया पडू दे, फळी निघायची.

लाकडाचं एक वेळ ठीक होतं. माझा दहावीचा निकाल आला, गणितात गेलो होतो. ओट्यावर चार माणसं बसलेली. तुम्ही मला जवळ बोलावलंत, डोक्यावर दोनदा ठोकलंत, कान लावलात आणि म्हणालात, "मजार काय नही. मरेल शे." आत काहीच नाही म्हणे. माणसं हसली. तुम्हीही हसलात. सहा वर्षांनी मी सुरतेच्या फायबरच्या कारखान्यातून काम शिकून परत आलो तेव्हा छातीवर ठोकलंत. "सुरतनी खाई टाकं याले. मरेल शे." माय ताट वाढत होती, तिने मान खाली घातली. तिच्यावर तुम्ही किती वेळा ठोकलं असेल, ते तिला ठाऊक.

तरीही खरं ते सांगतो, लाकडाच्या बाबतीत तुम्ही चुकत नव्हता. मी सातवीत असताना एक भरलेली नाव तुम्ही काठावरून सुटता सुटता थांबवली होती. माणसं खांडबाऱ्याच्या बाजाराला निघालेली, उशीर होतोय म्हणून शिव्या देत होती. तुम्ही गुडघाभर पाण्यात उभं राहून बुडाजवळची फळी ठोकलीत आणि सगळ्यांना खाली उतरवलंत. मग पटाशी मारली तर ती मुठीपर्यंत आत गेली. घरी येताना मी तुमच्या मागे छाती काढून चालत होतो. तुमच्यासारखं व्हावं असं मला तेव्हा वाटलं होतं. नंतर ते वाटणं तुम्हीच मोडून काढलंत.

मी तुमच्या शेडशेजारी माझी शेड घातली, तेव्हापासून आपलं बिनसलं ते कायमचं. रेझिनच्या वासाने तुमचं डोकं उठायचं. काचेच्या मॅटचे धागे उडून तुमच्या अंगाला खाज सुटायची. पण तुमचा खरा राग वेगळाच होता. फायबर चढवलं की आतलं लाकूड दिसत नाही, हे तुम्हाला खपत नव्हतं. जो येईल त्याला सांगायचे, "मढाले नवं धोतर नेसाडीसन काय ते उठी बठनार शे?"

अशात जयसिंगदादाची नाव आली. पलीकडच्या काठावरच्या माणसांना बाजाराला आणणारी आणि परत नेणारी ती एकच नाव. शेळ्या, पोती, बाळंतिणी, सगळं तिच्यातून. त्याने नावेला मागून लावायची मोठी मशीन घेतली होती आणि ती ज्या मागच्या फळीवर बसते ती फळी दोन्ही कोपऱ्यांतून फाटत चालली होती. सगळ्या नावेला ढकलायचा जोर त्या एका फळीवर येतो, ती गेली की मशीनही गेली आणि मागून पाणीही आलं. तुम्ही म्हणालात, फळी काढा, अख्खं सागाचं लाकूड टाका. मी म्हणालो, नाव पुरती खोला, मागची फळी प्लायची नवी करा, वरून फायबर चढवा आणि ते दोन्ही बाजूंना नावेच्या अंगावर वीतभर ओढून घ्या, म्हणजे फळी आणि नाव एकजीव होईल. जयसिंगदादा कधी तुमच्याकडे बघे, कधी माझ्याकडे. शेवटी तो माझ्या बाजूने झुकला. तेव्हा तुम्ही पाच-सहा नाववाल्यांच्या देखत त्याला म्हणालात, "याना हातनी नाव पानीमा टाकशी ते घरना लोकेस्ले आधी भेटी ये."

त्या एका वाक्यासाठी मी जे केलं ते आता सांगतो. तुम्हाला अर्धंच माहीत आहे.

मी पाच फळ्या बनवल्या. सारख्या मापाच्या, चारही बाजूंनी फायबर चढवलेल्या, एकाच निळ्या रंगाच्या. चारांमध्ये चांगलं लाकूड घातलं. पाचवीत जयसिंगच्याच नावेच्या बुडाचा तो तुकडा घातला जो गेल्या हंगामात तुम्ही स्वतः ठोकून मेलेला ठरवून बाहेर फेकला होता. त्याला इतकं रेझिन पाजलं आणि वरून मॅटचे इतके थर दिले की बाहेरचं कवच दगडासारखं झालं. मग होळीच्या आठ दिवस आधी, सगळे नाववाले शेडवर असताना, त्या फळ्या ओळीने मांडल्या आणि तुम्हाला हाक मारली. "आप्पा, पाच फळ्या शेत. एक मरेल शे. कोनती ते सांगा."

तुम्ही आलात. टॉवेल खांद्यावर टाकलात. पहिली ठोकलीत, दुसरी, तिसरी. प्रत्येक वेळी मान वर करून माझ्याकडे पाहत होतात. मला वाटलं, दरारा दाखवताय. पाचवी ठोकलीत, परत ठोकलीत, वर पाहिलंत. मी मुद्दाम कंटाळल्यासारखा जयसिंगच्या चपलांकडे बघत राहिलो. तुम्ही म्हणालात, "हाई जित्ती शे. पाचीसमा हाईच बेस."

मी ग्राइंडर चालू केला. फळी मधोमध कापली, दोन्ही भाग उघडून धरले आणि आतला तपकिरी भुसा तुमच्या पायांवर सांडला. आधी जयसिंग हसला, मग सगळे. कुणीतरी म्हणालं, "आप्पा, आते कान बदला." मीही हसलो, आणि सगळ्यांपेक्षा जास्त वेळ हसलो. तुम्ही खाली वाकून टॉवेलने पायांवरचा भुसा झटकलात, टॉवेल परत खांद्यावर टाकलात आणि घरी गेलात. त्यानंतर तुम्ही शेडवर पाय ठेवला नाही.

मला वाईट वाटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला त्या दिवशी पोटभर जेवण गेलं.

मग मी जयसिंगची नाव खोलली. काम कसं केलं ते तुम्ही पाहिलं नाहीत, म्हणून सांगतो. जुनी मागची फळी मुळापासून काढली. कडेचं जे लाकूड राहिलं ते उन्हात सुकू दिलं, आणि आपल्याकडचं चैत्रातलं ऊन म्हणजे सांगायला नको. प्लायचे दोन जाड थर एकमेकांना चिकटवले, शिकंजे लावून रात्रभर दाबून ठेवले. फळी जिथे नावेच्या अंगाला मिळते तिथले आतले कोपरे पुट्टीने गोल करून घेतले, कारण मॅट काटकोनात नीट बसत नाही, खाली हवा राहते आणि तिथूनच उकलतं. दोन्ही कोपऱ्यांत तिरके आधार दिले. उन्हात रेझिन डब्यातच तापून गोठतं, म्हणून थोडं थोडं कालवून, सकाळच्या वेळात थर दिले. प्रत्येक थर रोलरने दाबून बुडबुडे काढले. मशीनच्या बोल्टांची भोकं आधी मोठी पाडली, रेझिनने भरली, आणि सुकल्यावर त्यातून पुन्हा बारीक भोक पाडलं, म्हणजे बोल्टाशेजारून पाणी झिरपलं तरी लाकडाला लागणार नाही. हात दोन आठवडे चुरचुरत होते. अंगाला मीठ लावून घेतल्यासारखं.

एकच गोष्ट खटकली. डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात, नावेच्या जुन्या लाकडाशी, हाताला किंचित गार लागत होतं. ओल होती की नुसती सावली, कळेना. आणखी चार दिवस थांबायला हवं होतं. पण जयसिंगला आखाजीच्या सणाला नाव पाण्यात हवी होती, आणि मला ती धावताना तुम्हाला दाखवायची होती. मी त्या कोपऱ्यावर अर्धा दिवस गरम हवेचं ब्लोअर मारलं आणि फायबर चढवून तो बंद करून टाकला.

आखाजीला नाव पाण्यात गेली. नारळ फुटला. मशीनने अशी झेप घेतली की जयसिंगची बायको मागच्या मागे पोत्यांवर बसली. सगळा गाव काठावर होता आणि तुम्ही घरात होतात.

त्यानंतर तुमचा खोकला वाढला. एवढ्या वर्षांचा भुसा छातीत बसलाय, असं नंदुरबारच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि पंधरा दिवसांनी घरी पाठवलं. मी तुम्हाला उचलून खाटेवर ठेवलं तेव्हा तुमचं वजन फळीएवढंही लागलं नाही. बरं वाटलं का वाईट, मला आजही ठरवता येत नाही. तुम्ही माझ्या हातात होतात आणि पहिल्यांदाच गप्प होतात.

गप्प राहिला असतात तर बरं झालं असतं. जायच्या सहा दिवस आधी दुपारी मला खाटेजवळ बसवलंत. "जयसिंगनी फळी. खालना कोपरा सुकना व्हता का?"

कोपऱ्याचं मी कुणालाही बोललो नव्हतो. "सुकना व्हता," मी म्हणालो.

तुम्ही माझ्या तोंडाकडे खूप वेळ पाहिलंत. "मरेल शे," म्हणालात. "उघाड ती."

मी म्हणालो, तुम्ही नाव पाहिली नाही, हात लावला नाही, खाटेवरून काय ठोकता? पुढचे पाच दिवस तुम्ही हेच म्हणत होता. पाणी द्यायला आलो की, उघाड. औषध द्यायला आलो की, उघाड. "लोके बठतस तीमा." मी एकदा चिडून म्हणालो, "पाच फळ्यास्नं ध्यानमा शे ना?" तुम्ही डोळे मिटून घेतलेत. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात. म्हणजे आपल्यातलं माझं शेवटचं वाक्य ते आहे, आणि मी ते कितीही घासलं तरी निघणार नाही.

चौथ्या दिवशी माय भांडी घासत होती. तिथूनच, माझ्याकडे न बघता बोलली. "दोन वरीस झायात, त्यास्ले ऐकू ये नही. डावा कान पुरा गया व्हता, उजवाबी तसाच."

मी म्हणालो, मग ते फळ्या कशा ओळखत होते?

"तोंड देखेत," ती म्हणाली. "कोनी बोलनं ते व्हटवरतीन समजी लेत." मग म्हणाली, "नावना मालकले आपली फळी कितली सडेल शे ते ठाऊक ऱ्हास. ते ठोकेत आन त्याना तोंडकडे देखेत. तुन्हाबी तोंडकडे देखेत. तू पोऱ्या शे, तू फसाडशी असं त्यास्ले वाटनं नही."

मी तिथून उठलो आणि पाण्याकडे गेलो. माझ्या फायबरने तुमच्या कानाला हरवलं, असं मी होळीपासून सगळीकडे सांगत फिरत होतो. हरवायला कान शिल्लकच नव्हता. माझ्या चेहऱ्यावर तुम्ही विश्वास टाकला, एवढीच तुमची चूक. खालचा कोपरा सगळ्यात शेवटी सुकतो हे कुठल्याही सुताराला ठाऊक असतं, म्हणून तुम्ही विचारलंत; खाटेवरून जे ओळखलंत ते लाकूड नव्हतं. माझ्या तोंडावरची माझीच शंका तुम्ही वाचली होती.

मग माझ्या मनाने घेतलं की ती फळी सडलेलीच असणार. सडलेली असलीच पाहिजे. तुमच्या शेवटच्या बोलण्याला खरं ठरवायला माझ्याकडे तेवढंच उरलं होतं. अकराव्या दिवशी जयसिंगला सांगितलं, बोल्ट पाहायचेत, नाव काठावर लाव. तो घरी जेवायला गेला. मी मशीन उतरवली आणि डाव्या कोपऱ्यात तळहाताएवढं कापलं.

आत कोरडं ठक्क होतं. पटाशी मारली, आत जाईना. वास घेतला, नव्या प्लायचा वास. मग मी वेड्यासारखा कापतच गेलो, उजवा कोपरा, बोल्टांच्या खाली, मध्ये. कुठेतरी ओल सापडेल, एखादा काळा डाग तरी. दुपारभरात अख्खी फळी बाहेर काढली. दोन महिने पाण्यात राहून तिच्यात पाण्याचा एक थेंब गेला नव्हता. इतकं चांगलं काम मी सुरतेतही केलं नव्हतं. मी त्या तुकड्यांमध्ये बसलो आणि तेव्हा रडलो, आप्पा. या घरातून तुमच्यासाठी जे काही रडणं झालं ते तेवढंच, आणि तेही तुम्ही चुकलात म्हणून. तुकडे मी शेडमागच्या खड्ड्यात जाळून टाकले. जयसिंगला सांगितलं, चार दिवस थांब, नवीन करून देतो.

गंधमुक्तीच्या दिवशी जेवणं झाल्यावर तेच सगळे नाववाले मांडवात सुपारी कातरत बसले होते. एक जण म्हणाला, "आते फळी कोन ठोकी?" दुसरा म्हणाला, "शेवटला ते त्यास्ले मरेलबी जित्तं वाटे." आणि हसला. मोठ्याने नाही, तोंडापुढे हात धरून, आल्यागेल्याचं भान ठेवून. तुमच्या फोटोला हार घातलेला, समोर दिवा, आणि माझी पाच फळ्यांची गंमत अजून चालूच होती. तुम्ही मेल्यानंतरही ती चालणार होती. ती मीच सुरू केली होती, आणि थांबवायचा एकच रस्ता दिसत होता.

मी म्हणालो, "आप्पा बरोबर व्हतात. जयसिंगदादानी फळी उघाडी मी. मजार सगळी मरेल व्हती. त्यास्नी खाटवरतीन सांगं व्हतं."

सुपारीचा अडकित्ता थांबला. मग जयसिंगदादा उठला. चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. तो हळू आवाजात म्हणाला, "मन्हा पोरे बठेत तीमा. तू सांगं नही." आणि चपला घालून निघून गेला. त्याने हात धुतले नाहीत की तुमच्या फोटोला नमस्कार केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नाव ओढून घेऊन गेला, मागून उघडीच. ज्यांनी नावा दुरुस्तीला लावल्या होत्या तेही आले आणि घेऊन गेले. जाताना एकजण दुसऱ्याला म्हणत होता, बाप सांगत होता ते खरं निघालं. मला ऐकू जावं म्हणूनच म्हणत होता.

मला वाटलं होतं, मायला बरं वाटेल. तिने चुलीपाशी बोलावून माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. "खोटं बोलना ना तू?"

"नही."

"त्या पाच फळ्यास्ना दिन बापले बी तू असंच तोंड करीसन दखाडं व्हतं," ती म्हणाली, आणि माझा चेहरा सोडून भाकरी थापायला लागली.

शेड रिकामी आहे. परवा सुरतेची गाडी धरतो, कारखान्यात जुन्या जागी घेतो म्हणालेत. आता गावात तुमचं बोट पुन्हा खरं झालंय. खाटेवरून फळी ओळखणारा माणूस, असं पोरंसोरं सांगतायत. मी तुम्हाला एवढं मोठं करून जातोय, आणि त्याचा मला राग येतोय, हेही लिहून ठेवतो. मेल्यावरही तुम्ही मला चारचौघांत मेलेला ठरवलंत, फक्त या वेळी ठोकणारा हात माझा होता.

पण तुम्हाला फसवायचं नाही, एकदा फसवलं तेवढं पुरे. ती फळी जिवंत होती. डावा कोपरा सुकलेला होता. तुम्ही चुकलात, आणि हे दाखवायला माझ्याकडे आता राखेशिवाय काही नाही, म्हणून जगात फक्त तुम्हालाच सांगता येतं. माझं काम चांगलं होतं, आप्पा. एवढं एकदा ऐका.